दौऱ्याच्या यादीतली पेन्सिल

आमच्या केंद्रात नद्या होत्या. खऱ्या नव्हेत. साताऱ्याबाहेरच्या पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये, जमिनीवर सिमेंट-वाळूने बांधलेल्या, शंभरास एक या मापाच्या. एखाद्या गावाशी पूर का चढतो हे कुणाला कळेनासं झालं की आम्ही त्या नदीची प्रतिकृती बांधायचो, पंप सुरू करायचो, वरच्या अंगाला लाकडाचा भुसा सोडायचो आणि तो कुठे घुटमळतो ते बघत बसायचो. मग एक वीट उचलायची आणि पुन्हा पाणी सोडायचं. फरक पडला नाही तर ती जागेवर ठेवून दुसरी उचलायची. अशा पन्नास विटा हलवल्यावर एखादी सापडे, की ती काढताच सगळा प्रवाह वळे. गावकरी दोष द्यायचे पुलाच्या जाडजूड खांबाला, कारण तो दिसायचा. प्रत्यक्षात अडवणूक करत असायचा काठावरचा एखादा बुटका चौथरा, बायकांना धुणं धुवायला सोपं जावं म्हणून कुणीतरी बांधलेला.

मी, नलिनी खर्शीकर, त्या शेडमध्ये चौतीस वर्षं काम केलं. साडीचा ओचा खोचून, अनवाणी, पोटरीभर पाण्यात उभी राहून. आता एकोणऐंशी वर्षांची आहे. शेड पाडली, नद्या संगणकात गेल्या. पण ओल्या सिमेंटचा तो वास मला अजूनही डोळे मिटून आठवतो.

हे सगळं सांगायचं कारण ‘मागोवा’.

दोन वर्षांपूर्वी, २०४१ साली, सरकारी संस्थांसाठी नवा नियम आला. ज्या संस्थेत वरच्या जागांवर बायका फारच थोड्या, तिने नवी भरती करण्याआधी आपला भूतकाळ तपासून घ्यायचा. त्यासाठी जी यंत्रणा तयार झाली तिला मागोवा म्हणत. ती संस्थेतला कागद न् कागद वाचायची. हजेरीपट, रजेचे अर्ज, गोपनीय शेरे, सभांची इतिवृत्तं, कपाटामागे पडलेल्या कार्बन कॉपीसुद्धा. त्यातून ती त्या कचेरीची प्रतिकृती उभी करायची, आम्ही नदीची करायचो तशीच. त्यात पाण्याऐवजी माणसं वाहायची. कोण आलं, कोणाला कुठलं काम मिळालं, कोण वर गेलं, कोण अडकलं. प्रतिकृती खऱ्या इतिहासाशी जुळेपर्यंत हजारो वेळा चालवायची, आणि मग एकेक वीट उचलून बघायची. हा साहेब नसता तर? हा नियम नसता तर? ही सही झाली नसती तर?

पूर्वी अशा चौकश्या म्हणजे प्रश्नावल्या असत. लोक आठवेल ते आणि सोयीचं ते लिहीत. मागोवा कुणाला काही विचारत नसे.

आमच्या केंद्राची पाळी आली तेव्हा मीच जानकीच्या मागे लागले.

जानकी घोलप आमच्याच सोसायटीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. रोज चारच्या चहाला खाली यायची. साखर मला बंद आहे म्हणून माझ्यादेखत दोन चमचे घालून घ्यायची आणि म्हणायची, “तुमच्या वाटणीचीही मीच खाते, नलूताई. उष्टं पुण्य लागेल तुम्हाला.”

“अर्ज कर,” मी म्हटलं. “तुझी फाईल उघडू दे. बापटांनी तुझं काय केलं ते जगाला कळू दे.”

“बापट जाऊन बारा वर्षं झाली. आता काय त्यांच्या फोटोला जाब विचारायचा?”

“फोटोला नाही. तुझ्यासाठी.”

“मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आणि ग्रंथपाल म्हणूनच मरणार. म्हातारपणी कज्जे नकोत बाई.” मग बशीतला चहा फुंकत थोड्या वेळाने म्हणाली, “खरंच कळतं का हो त्यात? आपण तिथं गेलो असतो तर काय झालं असतं ते?”

मी म्हटलं, कळतं.

ही ‘तिथं’ची गोष्ट १९९८ सालची. वाघदरा धरणाच्या पोटात एक गॅलरी आहे, म्हणजे भिंतीच्या आतून जाणारा बोगदा. भिंतीतून झिरपणारं पाणी तिथे मोजतात. पाझर वाढला की सगळे समजत, जलाशय भरलाय म्हणून वाढला. जानकी तेव्हा सहायक संशोधक होती, एकोणतीस वर्षांची. चार वर्षांचे आकडे घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. “नलूताई, पाणी ऑगस्टात सगळ्यात जास्त असतं, पण पाझर जानेवारीत जास्त आहे. थंडीनं काँक्रीट आकसत असणार. सांधे उघडत असणार. मला जानेवारीत आत जाऊन सांधे बघायला हवेत.” तिचे डोळे असे चमकत होते की मला हसू आलं. मूल आठ महिन्यांचं होतं तिचं.

जानेवारीच्या दौऱ्याच्या यादीत तिचं नाव आलं नाही. तिच्याऐवजी शिरोडकर गेले. ते आत न जाता गॅलरीच्या तोंडाशीच चौकीदाराच्या वहीतले आकडे उतरवून परत आले. पाच वर्षांनी दुसऱ्याच एका संस्थेतल्या माणसाने सांध्यांची तीच गोष्ट छापली. आणि २००१ साली नियम आला की मागल्या दहा वर्षांत नव्वद दिवस प्रत्यक्ष धरणावर काम केलेलं असेल तरच बढती. जानकीचे अकरा दिवस भरले. तिने ग्रंथालयात बदली मागून घेतली आणि वीस वर्षं इतरांचे अहवाल कपाटात लावले.

बापट आमचे प्रमुख. यादीवर सही त्यांची. खलनायक ठरवायला आणखी काय लागतं?

मागोवाचं काम बघणारी मुलगी अन्विता तोरस्कर. डिसेंबरच्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली. जवळपासच्या जुन्या माणसांपैकी, अर्ज करणारी जानकी सोडली तर, स्मरणशक्ती शाबूत असलेली मी एकटीच उरले होते, म्हणून मला ती अधूनमधून काहीबाही विचारायला यायची. त्या दिवशी गोंधळलेली दिसली.

“आजी, बापटसाहेबांना आम्ही प्रतिकृतीतून काढून बघितलं.”

“मग?”

“काहीच होत नाही. घोलप मॅडम संचालकपदापर्यंत पोचण्याची शक्यता खऱ्या इतिहासात तीन टक्के होती. बापट नसते तर चार. त्यांच्या जागी दुसरा कुणीही आला असता तरी समोर आलेली यादी अशीच सही करून पाठवली असती. शिरोडकरांना काढलं, तरी तेच. नव्वद दिवसांचा नियम काढला, तर वीसपर्यंत जाते.”

“मग कशानं बदलतं?”

तिने मांडीवरच्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पिवळ्या पडलेल्या कागदाचं चित्र होतं. टंकलेखन केलेली आठ नावं. पाचव्या नावावर पेन्सिलीची बारीक रेघ, खाली दुसरं नाव.

“हे यादीचे कच्चे मसुदे. स्टेशनरीच्या खोलीत सापडले. बापटसाहेबांच्या मसुद्यात घोलप मॅडमचं नाव आहे, आजी. पक्क्या यादीत नाही. मधल्या मध्ये कुणीतरी पेन्सिलीनं काढलंय. अशा एकशे चौदा रेघा सापडल्या, पंधरा वर्षांत, एकोणीस बायकांच्या नावांवर. पुरुषाच्या नावावर एकही नाही. या रेघा पुसून प्रतिकृती चालवली तर,” तिने आकडा पुन्हा वाचून घेतला, “घोलप मॅडम एकसष्ट टक्के. सतरा जणी नव्वद दिवसांची अट पार करतात. केंद्राला २०१० च्या आत बाई संचालक मिळते.”

मी पेला खाली ठेवला.

“एकाच माणसाच्या रेघा आहेत सगळ्या. दाब सारखा, कल सारखा. डावखुरा असावा. ओळखता का हस्ताक्षर?”

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. म्हटलं, “नाही गं. फार वर्षं झाली.”

पेला मी डाव्या हाताने धरला होता. तिने तो बघितला की नाही, मला सांगता येणार नाही. ती एवढंच म्हणाली, “एकतीस तारखेला अहवाल बंद होतो. नाव कळलं नाही तर नियमाप्रमाणे जबाबदारी सही करणाऱ्याची. बापटसाहेबांची एक मुलगी आहे, तिला कळवावं लागेल.”

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं.

यादीचा मसुदा गुरुवारी माझ्याकडे यायचा. जीप आणि विश्रामगृहाची सोय माझ्याकडे असे. शुक्रवारी सकाळी मी तो टंकलेखकाकडे द्यायची. मधल्या वेळात मी नावं बघायची. कमलला पाचवा महिना. फरीदाची सासू दवाखान्यात. उषाचं नुकतंच लग्न झालेलं, घरचे काय म्हणतील. विश्रामगृहाच्या न्हाणीला आतून कडी नव्हती, आणि खानसामा पिऊन असायचा. मी पेन्सिल उचलायची. कुणी मला सांगितलेलं नव्हतं. बापट न वाचता सही करत. एखादी हिरमुसून आली की मी तिला चहा पाजायची आणि म्हणायची, “जाऊ दे, दगदग वाचली.”

कुणाच्या अंगावर झोपेत पांघरूण घातलेलं जसं आठवावं, तशा मला त्या रेघा आठवत होत्या. त्यांनी जानकीचं काही बुडालं असेल असं मनातही आलं नव्हतं, दोष बापटांचाच असं मी धरून चालले होते. म्हणून तर मी जानकीला अर्ज करायला लावला.

१९९२ साली मी स्वतः वाघदऱ्याला गेले होते. पाचवा महिना होता. घाटातला रस्ता म्हणजे नुसते खड्डे, जीपच्या मागच्या बाकावर मी बसलेली. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जीपचा काही संबंध नाही, नलिनी. ते व्हायचंच होतं. घरात झोपून राहिली असतीस तरी झालं असतं.” त्यांनी तीनदा सांगितलं. मी एकदाही ऐकलं नाही. मला एक कारण हवं होतं, आणि जीप दारात उभी होती.

दहा दिवस मी गप्प बसले. चारला जानकी येत होती, दोन चमचे साखर घालत होती. एकदा म्हणाली, “अहवालात बापटांचं नाव आलं की मी पेढे वाटणार. नाही, पेढे नको, वाईट दिसेल. तुम्हाला एकटीला देईन, अर्धा.” मी हसले. तिच्याबरोबर मीसुद्धा हसले, हे मी विसरू शकत नाही.

एकोणीस तारखेला तिने मटार आणले होते. आम्ही दोघी समोर परात घेऊन सोलत बसलो होतो.

“जानकी, यादीतून तुझं नाव बापटांनी काढलं नव्हतं.”

“मग काय भुतानं काढलं?”

“मी काढलं.”

ती सोलत राहिली. “थट्टा करू नका.”

“बाळ आठ महिन्यांचं होतं तुझं. मला वाटलं...”

तिचे हात थांबले. हातातली शेंग तिने परातीत न टाकता मांडीवर ठेवली. “मला विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर तू जाते म्हणाली असतीस.”

“हो ना. म्हणूनच नाही विचारलंत.”

मी परातीतली एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली.

“आईला मी वाठारहून बोलावून घेतलं होतं,” ती सावकाश बोलू लागली, जणू माझ्याशी नाही. “आठवडाभर आधीपासून अंगावरचं दूध तोडायला लागले होते. छातीला फडकं करकचून बांधून कचेरीत बसायचे. ताप असायचा अंगात. तुम्हाला दिसलं असेल.”

“दिसलं होतं.”

“तेव्हाच काढलंत का नाव?”

“त्याच गुरुवारी.”

“मी बापटांच्या केबिनमध्ये जाऊन रडले. ते म्हणाले, बाई, यादी माझ्याकडून अशी गेली नव्हती, चौकशी करतो. मला वाटलं माणूस खोटं बोलतोय. बाहेर येऊन तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं मी. तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?”

आठवत होतं. मी म्हणाले होते, सगळे साहेब सारखेच.

“त्यांनी चौकशी केली का?” तिने विचारलं.

“माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, टंकलेखनात चूक झाली असेल. त्यांनी विश्वास ठेवला.”

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत होता.

“माझी मुलगी गेली त्या जीपमुळे,” मी म्हटलं. “निदान मला तसं वाटायचं. तुमच्यापैकी कुणावर ती वेळ येऊ नये...”

“ते मला ठाऊक आहे. तुमच्या मुलीचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आत्ताही वाटतं.” ती उठली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “पण ते दुःख तुमचं होतं, ताई. तुम्ही ते आम्हा सगळ्यांना थोडं थोडं वाटून टाकलंत. आणि आम्ही चहा पिऊन तुमचे आभार मानत घरी गेलो.”

सोललेले मटार तसेच ठेवून ती वर गेली.

दुसऱ्या दिवशी मी अन्विताला बोलावलं आणि कोऱ्या कागदावर तिच्यासमोर पेन्सिलीनं एक रेघ मारून दाखवली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने एवढंच विचारलं, “हेतूच्या रकान्यात काय लिहू? मागोवाला हेतू कळत नाही. तिथे ‘अज्ञात’ आहे.”

मी त्या रेघेवरून बोट फिरवलं. शेवटी म्हटलं, “तसंच राहू दे.”

“का आजी? काळजीपोटी केलं, असं लिहिता येईल. खरंच आहे ते.”

“खरं आहे. पण तसं लिहिलंस तर पुढची वाचेल आणि म्हणेल, मग ठीक आहे.”

अहवाल आला. केंद्राने त्यातून एक गोष्ट लगेच केली. दौऱ्याच्या यादीतलं कुणाचंही नाव आता त्या व्यक्तीच्या स्वतःच्या लेखी होकाराशिवाय काढता येत नाही. गरोदर असो, म्हातारी असो, कुणी असो. नियम दोन ओळींचा आहे. आम्हाला तो सुचायला पन्नास वर्षं आणि एक यंत्र लागलं.

जानकी चहाला यायची थांबली. पहिले काही दिवस चार वाजता मी दोन कप काढत असे. एकदा जिन्याखालच्या टपालपेटीशी ती समोर आली. मी म्हटलं, “जानकी, गुडघा कसा आहे?” ती म्हणाली, “बरा आहे, खर्शीकर मॅडम.” आणि बाजूने वर निघून गेली. पंचेचाळीस वर्षांत तिने मला मॅडम म्हटलेलं नव्हतं, कचेरीतसुद्धा.

फरीदाची मुलगी मला येऊन भेटून गेली. आईला कळलं असतं तर तिला काय वाटलं असतं, हे तिला माझ्याकडून हवं होतं. मी काय सांगणार? उषाचं पत्र आलं, की तुम्ही माझं भलंच केलंत, मनाला लावून घेऊ नका. ते पत्र मला जास्त लागलं.

जानेवारीच्या अकरा तारखेला सकाळी फोन वाजला. वाघदरा धरणावरून. बोलणारी मुलगी तिथली अभियंता होती, आवाजावरून पंचविशीची.

“नलिनी खर्शीकर? जानकी घोलप म्हणून एक आजी आल्या आहेत. केंद्राने त्यांना गॅलरीत जायची परवानगी दिली आहे. सांधे बघायचेत म्हणे त्यांना. पण सत्तरीच्या पुढच्या माणसाला खाली सोडताना आम्हाला ओळखीच्या कुणाला तरी तब्येतीचं विचारावं लागतं. मुलगा परदेशात आहे, त्याचा फोन लागत नाही. अर्जात दुसरं नाव तुमचं आहे.”

माझं नाव तिने दिलं होतं. कदाचित रकाना रिकामा सोडता येत नव्हता म्हणून.

“दोनशे बारा पायऱ्या आहेत,” मुलगी म्हणाली. “लिफ्ट नाही. आत थंडी आहे, हवा कमी आहे. त्यांना कधी चक्कर येणं, दम लागणं, छातीत दुखणं असं काही? तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता इथूनच समजावून परत पाठवते.”

ऑगस्टमध्ये जानकी जिन्यात चक्कर येऊन पडली होती. मीच तिला उठवून बसवलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून सांगितलं होतं. तिने ते मुलाला कळवलं नव्हतं. माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनशे बारा पायऱ्या उतरायच्या, आणि मग चढायच्या. तिचं खाली काही बरंवाईट झालं तर जन्मभर, म्हणजे उरलेल्या चार-दोन वर्षांत, मला कुणीच सांगू शकणार नव्हतं की त्यात माझा संबंध नाही.

“हॅलो? आजी, ऐकताय ना?”

“ती तिथेच आहे का?”

“हो, माझ्या समोर बसल्या आहेत. बूट घालून तयार आहेत.”

“मग हे सगळं तू तिला विचार,” मी म्हटलं. “ती सांगेल ते लिही.”

“बरं,” मुलगी म्हणाली. मग फोन तोंडापासून दूर गेला. “आजी, तुम्हाला कधी चक्कर वगैरे?”

आणि मला जानकीचा आवाज ऐकू आला. लांबून, पण स्वच्छ.

“आली होती ऑगस्टात. ठोके बिघडलेत माझे. लिहून घे, काही लपवायचं नाही मला. सावकाश उतरेन, जिथं दमेन तिथं बसेन. सांधा क्रमांक सात कुठल्या अंगाला गं? डाव्या का उजव्या?”

“डाव्या. चला, मी येते तुमच्याबरोबर.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फोन ठेवायचं त्या दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. पावलं लांब जात होती, जानकी काहीतरी विचारत होती, मुलगी काहीतरी सांगत होती. एक जड दार उघडलं आणि त्यांचं बोलणं बंद झालं. मी फोन कानाला लावून उभी राहिले. त्या रिकाम्या खोलीत घड्याळ होतं बहुतेक, तेवढं ऐकू येत होतं.